धानाच्या हंगामावर उभी रंगभूमी : परशुराम खुणे आणि वडसा ते आलापल्लीचा नाट्यमुलूख

मराठी रंगभूमीचा इतिहास सामान्यतः १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवर’च्या प्रयोगापासून सुरू होतो, १८८० मधील अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मधून तो संगीत नाटकाकडे वळतो, बालगंधर्वांच्या वैभवकाळावर काही काळ स्थिरावतो आणि बोलपटांच्या आगमनानंतर मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत येऊन विसावतो. या मांडणीत महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडील जंगलपट्ट्याला क्वचितच जागा मिळाली आहे. वस्तुतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेली, शासकीय अनुदानाविना केवळ तिकिटावर जगणारी आणि आजही हिवाळाभर रात्रीमागून रात्री प्रयोग करणारी व्यावसायिक रंगभूमी नांदते आहे. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोली या गावचे नट डॉ. परशुराम कोमाजी खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांचे लक्ष पहिल्यांदा या रंगभूमीकडे गेले. खुणे यांची कारकीर्द एका गुणी नटाची आहेच. शिवाय या नाट्यव्यवहाराची संपूर्ण घडण तिच्यातून उलगडत असल्यामुळे तिचा अभ्यास त्या भूभागाच्या पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, दाट झाडीने वेढलेल्या या प्रदेशाला ‘झाडीपट्टी’ म्हणतात आणि तेथील मराठीला ‘झाडीबोली’. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीची स्वतंत्र वैशिष्ट्ये मांडून तिला अभ्यासविषयाचे स्थान मिळवून दिले. पट्टीचा उत्तर व मध्य भाग तलावांचा आणि धानाचा, म्हणजे भातशेतीचा आहे. दक्षिणेकडे जावे तसतशी बांध्या, म्हणजे भातखाचरे, विरळ होत जातात आणि सागवानाचे जंगल सुरू होते. अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव नेमके या बदलाच्या ठिकाणी वसले आहे. येथील सागाची ख्याती ब्रिटिश अमदानीपासून आहे, गावाजवळचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा सुमारे सहा हेक्टरांचा वनखंड २०१४ साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला आणि भामरागड, सिरोंचा, एटापल्ली व अहेरीकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. आसपासच्या गावांत मराठीबरोबर गोंडी, माडिया आणि तेलुगू कानांवर पडतात. त्यामुळे आलापल्ली ही जशी वनखात्याची आणि लाकूडव्यवसायाची पेठ आहे, तशीच ती झाडीपट्टीच्या मराठी नाटकाची दक्षिणेकडील सीमाही मानता येते.

या रंगभूमीचे वेळापत्रक शेतीने ठरवलेले आहे. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू होते, मळणीनंतर घरात धान्य आणि हातात पैसा येतो आणि पुढील पावसापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याला तुलनेने उसंत मिळते. भाऊबीजेपासून गावोगावी ‘मंडई’ भरू लागते. मंडई म्हणजे गावाने ठरवून घेतलेला एका दिवसाचा जत्रेसारखा बाजार, ज्याला लेकीबाळी, व्याही-जावई आणि पंचक्रोशीतले पाहुणे आवर्जून येतात. याच काळात ‘शंकरपट’, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती भरवल्या जातात. दिवसा मंडई किंवा पट आणि रात्री नाटक असा हा जोडकार्यक्रम असतो. पाहुण्यांना मुक्कामाला ठेवून घेण्याचे ते निमित्त असते आणि नाटकाच्या निमित्ताने जमलेल्या नात्यागोत्यांतून उपवर मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयामुळे बैलांच्या शर्यती थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळेपर्यंत अधिकृतपणे बंद राहिल्या. त्या काळातही मंडई आणि नाटक चालूच राहिले. पटाच्या आधाराने वाढलेले नाटक तोवर स्वतःच्या पायांवर उभे राहिलेले होते, हे त्यावरून दिसते.

नाटक येण्यापूर्वीही या प्रदेशात रात्रभर चालणारे खेळ होतेच. ‘दंडार’ हा पुरुषांनी गाणे, नाच आणि सोंगे यांच्या साहाय्याने सादर करायचा लोकनाट्यप्रकार, तर ‘खडीगंमत’ हा ढोलकीच्या साथीने सवाल-जवाब आणि विनोद रंगवणारा, तमाशाशी नाते सांगणारा प्रकार. संगीत नाटक विदर्भात रुजले तेव्हा झाडीपट्टीतील हौशी मंडळींनी त्याचे पदे गाण्याचे वळण, पडदे आणि पोशाख उचलले. मात्र त्याला दंडारीचा रात्रभराचा अवकाश, सोंगाड्याची मोकळीक आणि गावाच्या यजमानपदाची रीत जोडून दिली. या मिश्रणातून जे नाटक उभे राहिले ते पुण्या-मुंबईच्या नाटकाची नक्कल राहिले नाही आणि केवळ लोककलाही राहिले नाही. त्यात लिखित संहिता, अंक व प्रवेश, नाट्यपदे आणि तिकीटविक्री असते, आणि त्याच वेळी समोर बसलेल्या गावाशी थेट बोलण्याची मुभाही असते.

१९३२ साली मराठी बोलपट आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातील मोठमोठ्या संगीत नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. त्या कंपन्यांत नट बारा महिने पगारावर असत, सारा संसार बिऱ्हाडासह गावोगावी फिरत असे आणि उत्पन्न घटले तरी खर्च थांबत नसे. झाडीपट्टीतील नट मुळात शेतकरी, शेतमजूर, शिक्षक किंवा कारागीर असे. पावसाळ्यात तो आपल्या कामाला जुंपलेला असे आणि हंगामापुरताच तोंडाला रंग लावी. नाटकावर त्याचे पोट पूर्णपणे अवलंबून नसल्यामुळे एखादा वाईट हंगाम ही रंगभूमी पचवू शकली, आणि चित्रपटगृहे तालुक्याच्या गावांपलीकडे फारशी न पोहोचल्यामुळे तिचा प्रेक्षकही टिकून राहिला. नट आणि प्रेक्षक हे एकाच शेतीव्यवस्थेचे घटक असणे, हेच या रंगभूमीच्या दीर्घायुष्याचे प्रमुख कारण मानावे लागते.

या व्यवहाराचे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, अर्थात देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील हे गाव चारही जिल्ह्यांना सोयीचे असल्याने नाटक कंपन्यांची कार्यालये येथे एकवटली. गावातील आयोजक मंडळ हंगामापूर्वी किंवा हंगामात वडशाला येते, नाटक आणि कलावंतांची नावे पाहते, रक्कम ठरवून प्रयोगाची तारीख पक्की करते आणि तिकिटांच्या विक्रीतून तो खर्च भरून काढते. नफा उरला तर तो पुष्कळदा गावाच्या सार्वजनिक कामाकडे वळतो. कंपनीकडे मंडप, पडदे, ध्वनी व प्रकाशाची सामग्री, वाद्यवृंद आणि कलावंतांचा संच असतो. दुपारी सामानाचा ट्रक पुढे जातो, संध्याकाळी कलावंतांची गाडी निघते आणि पहाटे प्रयोग आटोपला की तोच ताफा पुढच्या गावाकडे वळतो. वडशाहून आलापल्लीपर्यंतचा दीडशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा जंगलातील रस्ता हा या फिरस्तीतील सर्वांत खडतर टप्प्यांपैकी एक ठरतो.

प्रयोगाची जागाही विशेष पाहण्यासारखी असते. कापणी झालेल्या शेतात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत कनाती लावून बंदिस्त मंडप उभारतात. अनेक गावांत प्रेक्षकांच्या बाजूची जमीन मंचाकडे उतरत जाईल अशी खोदतात आणि निघालेल्या मातीचाच उंच मंच रचतात, त्यामुळे मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून नीट दिसते. मंचाच्या पुढ्यात ऑर्गन, तबला आणि अलीकडे कीबोर्ड व ऑक्टोपॅड घेऊन वादक बसतात. मंचावर वरून ध्वनिक्षेपक लोंबत असतात आणि नट संवादासाठी नकळत त्यांच्याखाली येऊन उभा राहतो. मागे राजवाडा, रस्ता, जंगल, घर अशी रंगवलेल्या पडद्यांची मालिका असते. रात्री दहा-अकराच्या सुमारास नांदी होते; कडाक्याच्या थंडीत घोंगड्या-चादरी पांघरून बसलेले प्रेक्षक उजाडेपर्यंत हलत नाहीत आणि आवडलेल्या पदाला ‘वन्समोअर’ देऊन गायक नटाला पुन्हा गायला लावतात.

परशुराम खुणे यांची घडण या व्यवस्थेत झाली. कुरखेडा तालुक्यातील गुरनोली हे त्यांचे गाव. शेती हा त्यांचा घरचा व्यवसाय, गावाचे सरपंचपदही त्यांनी सांभाळले आणि या साऱ्याबरोबर सुमारे पन्नास वर्षे ते झाडीपट्टीच्या मंचावर उभे राहिले. शासकीय नोंदीनुसार त्यांनी ५,००० हून अधिक प्रयोगांत काम केले आणि सुमारे ८०० वेगवेगळ्या भूमिका वठवल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले म्हणजे त्यांचा खरा अर्थ ध्यानात येतो. पन्नास हंगामांत विभागणी केली तर हंगामाला सरासरी शंभर प्रयोग होतात, म्हणजे चार-पाच महिन्यांच्या काळात बहुतेक रात्री मंचावर असणे आले. आणि एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा-सातच प्रयोग येतात. मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवरील नट मोजक्या नाटकांच्या बळावर शेकडो, कधी हजारो प्रयोगांचा पल्ला गाठतो आणि एकच भूमिका वर्षानुवर्षे घासूनपुसून परिपूर्ण करीत जातो. झाडीपट्टीतील नटाला अशी सवड नाही. त्याला आज एका कंपनीच्या ऐतिहासिक नाटकात, उद्या दुसऱ्या गावी सामाजिक नाटकात आणि परवा प्रहसनात उभे राहावे लागते.

या पद्धतीत तालमींना फारसा वेळ मिळत नाही. नटाला त्याच्या भूमिकेची ‘नक्कल’ मिळते. नक्कल म्हणजे संपूर्ण संहितेतून केवळ त्याचे संवाद आणि त्याआधीची सूचक वाक्ये उतरवून काढलेली वही. जुन्या नाटक कंपन्यांत रूढ असलेली ही रीत येथे टिकून राहिली. ती वाचून, सहकाऱ्यांशी जुजबी बोलून आणि विंगेत संहिता घेऊन उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरच्या आधाराने प्रयोग उभा राहतो. अशा वेळी पाठांतरापेक्षा प्रसंगावधान, समोरच्या नटाच्या चुकीला सावरून घेण्याची तयारी आणि प्रेक्षकांचा कल क्षणात ओळखण्याची नजर या गोष्टी अधिक मोलाच्या ठरतात. खुणे यांच्या अभिनयाची ख्याती विशेषतः विनोदी भूमिकांसाठी आहे आणि ‘विदर्भाचे दादा कोंडके’ हे बिरुद त्यांना प्रेक्षकांकडून मिळाले, त्यामागे हाच हजरजबाबीपणा आहे.

झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नटाचे स्थान दुय्यम नसते. नायक-नायिका आणि खलनायक बहुधा प्रमाण मराठीत बोलतात. विनोदी पात्र मात्र झाडीबोलीत बोलते, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारते आणि त्यायोगे मंडपात बसलेल्या माणसाच्या घरची भाषा मंचावर आणते. कथानकातील बडे लोक, सावकार, पुढारी आणि भोंदू यांच्याविषयी गावाला जे वाटते पण उघड बोलता येत नाही, ते या पात्राच्या तोंडून बाहेर पडते. दंडारीतील सोंगाड्याचा वारसा अशा रीतीने संहितेच्या नाटकात जिवंत राहिला आहे, आणि खुणे यांच्यासारखा शेतकरी नट ती भूमिका करतो तेव्हा पात्र आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे होते.

खुणे यांनी केलेल्या नाटकांची व्याप्ती पाहिली तर ‘एकच प्याला’ आणि ‘लग्नाची बेडी’ ही अभिजात मानली गेलेली नाटके एका बाजूला आणि ‘सिंहाचा छावा’, ‘स्वर्गावर स्वारी’, ‘मरीमायचा भुत्या’, ‘लावणी भुलली अभंगाला’ ही नाटके दुसऱ्या बाजूला दिसतात. ‘एकच प्याला’चे लेखक राम गणेश गडकरी यांचा मृत्यू जानेवारी १९१९ मध्ये विदर्भातच, नागपूरजवळच्या सावनेर येथे झाला आणि त्यानंतर महिन्याभरात हे नाटक रंगमंचावर आले. त्यातील सुधाकराचा दारूपायी झालेला अधःपात आणि त्याची पत्नी सिंधू हिचे दुःख यांनी शहरी प्रेक्षक हेलावला. झाडीपट्टीत दारू हा रोजच्या जीवनातील जळता प्रश्न राहिला, इतका की १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीच्या रेट्यामुळे दारूबंदी लागू झाली. अशा प्रदेशात खुणे यांनी साकारलेला तळीराम जेव्हा मद्यप्यांच्या मंडळाचे तत्त्वज्ञान सांगून हशा पिकवतो, तेव्हा मंडपातील स्त्रियांना त्या हशामागे आपापले घर दिसत असते. त्यामुळे शहरात अभिजात साहित्य म्हणून जपले गेलेले नाटक येथे चालू प्रश्नावरचे नाटक म्हणून पाहिले जाते.

नटाइतकाच दिग्दर्शकाचा विचारही येथे वेगळ्या रीतीने करावा लागतो. तालमी कमी आणि नटसंच बदलता असल्याने दिग्दर्शकाचे काम हालचाली बारकाईने बसवण्यापेक्षा संहितेची निवड, पदांच्या जागा, नेपथ्य आणि रात्रभराच्या प्रयोगाची लय सांभाळणे यांत अधिक एकवटते. म्हणून अनेक ठिकाणी लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट ही तिन्ही कामे एकच व्यक्ती करते. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावचे सदानंद बोरकर हे याचे ठळक उदाहरण. लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांबरोबर चित्रकाराची दृष्टी लाभलेल्या बोरकरांनी श्री व्यंकटेश नाट्य मंडळाच्या माध्यमातून नियमित संच आणि तालीम यांचा आग्रह धरला आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील ‘आत्महत्या’सारखे नाटक झाडीपट्टीच्या प्रेक्षकांपुढे आणले. खुणे यांच्या कारकिर्दीत नटाच्या तत्काळ स्फूर्तीचे सामर्थ्य दिसते, तर बोरकरांच्या कामात त्याच परंपरेला शिस्त आणि समकालीन आशय देण्याचा प्रयत्न दिसतो. या दोन प्रवृत्तींच्या ताणातूनच ही रंगभूमी पुढे सरकत आली आहे.

स्त्रीभूमिकांचा इतिहासही या बदलाची साक्ष देतो. आरंभीच्या काळात दंडारीप्रमाणे नाटकातही पुरुषच स्त्रीपार्ट करीत. पुढे नागपूर व अन्य शहरांतून अभिनेत्री हंगामापुरत्या वडशाला येऊ लागल्या आणि स्थानिक मुलीही मंचावर उभ्या राहिल्या. रात्रीचा प्रवास, परक्या गावातील मुक्काम आणि समाजाची संशयी नजर हे सारे त्यांना पुरुष नटांपेक्षा अधिक सोसावे लागले. त्यांच्या वाट्याला आलेली प्रतिष्ठा मात्र बरीच तोकडी राहिली, आणि या रंगभूमीच्या लेखी इतिहासाने त्यांचे ऋण अजून पुरते मान्य केलेले नाही.

या रंगभूमीच्या दृष्टीने झाडीपट्टीच्या दक्षिणेकडील भागाची परिस्थिती अधिक बिकट होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच दशकात प्राणहिता-गोदावरीपलीकडून आलेली नक्षलवादी चळवळ सिरोंचा, अहेरी, एटापल्ली आणि भामरागडच्या जंगलांत पसरली. पुढे अनेक वर्षे या भागात रात्रीचा प्रवास धोक्याचा मानला जाई. बंदूकधारी दल आणि पोलीस यांच्यामध्ये सामान्य गावकरी भरडला गेला. ज्या प्रदेशात चारचौघांनी रात्री एकत्र जमणेही संशयास्पद ठरू शकते, तेथे हजारभर माणसांनी पहाटेपर्यंत एका मंडपात निर्धास्तपणे बसणे ही केवळ करमणूक राहत नाही. सार्वजनिक जीवन अजून शाबूत असल्याची ती खूण असते. भरकटलेल्या तरुणांना हिंसेच्या मार्गावरून परत आणून त्यांच्या पुनर्वसनासाठी खुणे यांनी केलेल्या कामाचा उल्लेख पद्म सन्मानाच्या वेळी आवर्जून करण्यात आला. व्यसन, अंधश्रद्धा आणि हिंसा यांविषयी मंचावरून बोलणारा नट गावात विश्वासाचा माणूस असतो, आणि तोच विश्वास या कामी उपयोगी पडला, असे म्हणता येते.

आलापल्लीच्या पलीकडे, भामरागडच्या दिशेने, माडिया समाजाची रेला नृत्ये आणि गोटुलची परंपरा यांचे स्वतंत्र विश्व सुरू होते. झाडीपट्टीचे मराठी नाटक त्या विश्वाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले. आत मात्र ते फारसे गेले नाही. त्याची नाटके प्रामुख्याने शेतकरी कुटुंब, सावकार, सासर-माहेर आणि शिवकाळ यांभोवती फिरतात. सागाच्या कूपात, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या वनखंडात, राबणारा मजूर, तेंदूपत्ता तोडणारी बाई किंवा वनहक्कासाठी झगडणारा आदिवासी त्यांच्या केंद्रस्थानी क्वचितच येतो. आपल्याच प्रदेशातील अर्ध्या जीवनाला मंचावर जागा न देणे ही या रंगभूमीची खरी मर्यादा आहे, आणि तिचा चाहता म्हणवणाऱ्या प्रत्येकाने ती स्पष्टपणे बोलून दाखवली पाहिजे.

अलीकडच्या काळात या रंगभूमीवर नवी संकटे आली. करोनाच्या साथीमुळे २०२० चा हंगाम कोलमडला आणि हंगामी उत्पन्नावर विसंबलेल्या वादक, पडदेवाले व कलावंत यांचे हाल झाले. गर्दी खेचण्यासाठी कथानकाशी संबंध नसलेली नाचगाणी घुसडण्याची प्रवृत्ती वाढल्याची तक्रार जाणते कलावंत स्वतःच करतात. दुसरीकडे, तृषांत इंगळे यांच्या २०२२ मधील ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने या नाट्यसृष्टीचे अंतरंग महाराष्ट्रापुढे आणले आणि पुढच्याच वर्षी खुणे यांना पद्मश्री मिळाली. तरीही एका नटाचा सन्मान म्हणजे परंपरेचे जतन नव्हे. हाताने उतरवलेल्या नकला, छापील जाहिरातपत्रके, तिकिटे, रंगवलेले पडदे, जुन्या वादकांच्या स्मरणातील पदांच्या चाली आणि वृद्ध कलावंतांच्या मुलाखती हीच या इतिहासाची साधने आहेत. ती घरोघरच्या पेट्यांतून आणि माळ्यांवरून वेळीच गोळा केली नाहीत, तर हजारो रात्रींच्या या श्रमांची नोंद केवळ काही आकड्यांपुरती उरेल.

परशुराम खुणे यांच्या कारकिर्दीने मराठी नाट्येतिहासापुढे एक ठाम प्रश्न उभा केला आहे. रंगभूमीचे मोल केवळ नव्या संहिता, गाजलेले दिग्दर्शक आणि शहरातील समीक्षा यांवरून ठरवायचे असेल, तर ८०० भूमिका करणारा शेतकरी नट त्या हिशोबात बसत नाही. पण नाटक ही माणसांनी एकत्र येऊन, पदरचे पैसे मोडून, स्वतःच्या जगण्याविषयी रात्रभर ऐकण्याची गोष्ट आहे असे मानले, तर झाडीपट्टीला परिघावर ठेवणारी मांडणीच अपुरी ठरते. वडशाच्या कंपन्यांनी आणि त्यांना बोलावणाऱ्या गावांनी शंभर वर्षांहून अधिक काळ जे चालवून दाखवले, ते मराठी रंगभूमीच्या इतिहासातील परिशिष्ट नसून त्याचे एक मुख्य प्रकरण आहे, आणि ते त्याच मानाने लिहिले गेले पाहिजे.